टॉवर हिलचं जंगल आणि फॉन गेरारचा वर्ग

प्रश्न विचारणाऱ्या बाई चित्रकला शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत आणि सध्या मुलाकडे मेलबर्नला असतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "टॉवर हिल नावाच्या जुन्या ज्वालामुखीवर फिरायला गेलो होतो. तिथे सांगितलं, की इथलं जंगल साफ झालं होतं आणि 1855 सालचं एक तैलचित्र समोर ठेवून ते पुन्हा उभं केलं. चित्रावर एवढा भरवसा ठेवता येतो का? त्याच चित्रकाराबद्दल नंतर वाचलं, की शिक्षक म्हणून तो अगदी सुमार होता. इतकं बारकाईने बघणारा माणूस वाईट शिक्षक कसा? आणि मी इथे रविवारी मराठी मुलांना चित्रकला शिकवते, त्यांना त्याच्या चित्राची कॉपी करायला द्यावी का?"

जंगलाची गोष्ट खरी आहे, फक्त सांगतात तेवढी सोपी नाही. शिक्षक म्हणून त्या चित्रकाराबद्दलचं, म्हणजे यूजीन फॉन गेरारबद्दलचं, मतही बरंचसं खरं आहे. मी स्वतः निसर्गचित्रं काढतो, कला महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवलंही आहे, म्हणून सांगतो, की या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. ज्या सवयीमुळे त्याचं चित्र शंभर वर्षांनी झाडं लावणाऱ्यांच्या कामी आलं, तीच सवय वर्गाच्या चार भिंतींत शिकवता येण्यासारखी नव्हती. ही सवय त्याला कुठे लागली, ते आधी पाहू.

जोहान जोसेफ ऑयगेन फॉन गेरार. जन्म व्हिएन्नाचा, 17 नोव्हेंबर 1811. ऑस्ट्रेलियात त्याला यूजीन म्हणतात. वडील बर्नहार्ड ऑस्ट्रियाच्या दरबारातले लघुचित्रकार, म्हणजे बोटभर जागेत अख्खा चेहरा बसवणारे. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असताना, 1826 साली, वडील त्याला घेऊन इटलीला निघाले. गावोगाव थांबत, चित्रं काढत दोघं रोमला पोहोचले आणि पुढे नेपल्सला राहिले. शाळा-कॉलेज म्हणावं असं या काळात काही नाही. वडिलांच्या शेजारी बसून काढायचं, उद्या दुसरं गाव. 1836 साली नेपल्समध्ये कॉलऱ्याची साथ आली आणि त्यात वडील गेले.

गेरारच्या मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहिलं, की हा लघुचित्रकाराचा मुलगा आहे हे मला लगेच जाणवतं. लांबून भव्य डोंगर दिसतो. नाक कॅनव्हासला लागेल इतकं जवळ गेलात, तर डोंगराच्या उतारावरचं एकेक झाड वेगळं काढलेलं असतं, तेही गवताच्या पात्याएवढ्या ब्रशने. आपल्याकडे जलरंगात लँडस्केप शिकताना पहिल्या दिवसापासून सांगतात, "डोळे बारीक करून बघा, मास (म्हणजे एकत्र दिसणारा मोठा आकार) पकडा, पानं मोजू नका." हा माणूस पानं मोजत होता. आणि गंमत म्हणजे चित्र तरीही विस्कटत नाही, कारण खालचा उजेड-सावलीचा सांगाडा पक्का आहे.

तो सांगाडा ड्युसेलडॉर्फचा. वडील गेल्यावर 1838 च्या सुमारास तो जर्मनीत ड्युसेलडॉर्फला गेला. तिथल्या अकादमीत निसर्गचित्राचा वर्ग योहान विल्हेल्म शिर्मर चालवायचे. त्या घराण्याची रीत ठरलेली होती. आधी उघड्यावर जाऊन अभ्यासचित्रं करायची: दगड, साल, झाडाचं खोड, ओढ्याचा काठ. मग स्टुडिओत बसून त्यातून मोठं तैलचित्र रचायचं. पुढे काय, मागे काय, उजेड कुठून, हे सगळं स्टुडिओत ठरायचं. जागेवर उभं राहून अख्खं तैलचित्र संपवायचं, हा विचार त्या पिढीचा नव्हे.

त्याच सुमाराला आलेक्झांडर फॉन हुंबोल्ट या प्रवासी शास्त्रज्ञाच्या लेखनाचा जर्मन चित्रकारांवर मोठा प्रभाव होता. त्याचा आग्रह असा, की चित्रकारांनी दूरदेशी जावं आणि तिथल्या झाडोऱ्याचं रूप नीट ओळखून रंगवावं. कुठल्या उंचीवर काय उगवतं, कुठल्या खडकावर काय तगतं, हे चित्रात दिसलं पाहिजे. फॉन गेरारचं पुढचं सगळं काम या विचाराशी इतकं जुळतं, की त्याच्या चित्राकडे अर्धा नकाशा आणि अर्धी वनस्पतींची वही म्हणून बघायला हरकत नाही.

ऑस्ट्रेलियाला मात्र तो असल्या उदात्त हेतूने आला नाही. सोन्यासाठी आला. 1851 साली व्हिक्टोरिया वसाहतीत सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं लोटली. डिसेंबर 1852 च्या अखेरीस तो 'विंडवर्ड' जहाजातून जिलाँगला उतरला आणि नव्या वर्षात बॅलरॅटच्या खाणींवर पोहोचला. तेव्हा वय एक्केचाळीस. वर्षभर माती उपसून हाती म्हणावं असं सोनं लागलं नाही. पण रोजनिशी लिहिली आणि जोडीला स्केचेस केली. तंबू, खड्डे, चाळणीवर वाकलेली माणसं. तीस वर्षांनी, 1884 साली, जर्मनीत परतल्यावर त्याने त्या जुन्या कागदांवरून '1853-54 च्या उन्हाळ्यातलं जुनं बॅलरॅट' हे तैलचित्र रंगवलं. ते आज बॅलरॅटच्या कलादालनात आहे. तीस वर्षं जुन्या स्केचवरून जागा उभी करता येते याचा अर्थ स्केचमध्ये नुसता मूड नव्हता, माहिती होती. या माणसाच्या वह्या हीच त्याची खरी मिळकत.

1854 मध्ये तो मेलबर्नला आला. तिथे लुईझ आर्न्झशी लग्न केलं. ती ड्युसेलडॉर्फच्या शिळाछाप (दगडावरून चित्रं छापण्याच्या) व्यवसायातल्या घराण्यातली. मग त्याने जे केलं ते कुठल्याही स्थलांतरित चित्रकाराला पटेल: पैसा कुणाकडे आहे ते पाहिलं. पैसा होता मेंढपाळ जमीनदारांकडे. व्हिक्टोरियाच्या पश्चिमेकडे त्यांचे मैलोन्‌मैल पसरलेले 'स्टेशन' होते, म्हणजे मेंढ्यांचे मळे. त्यांना आपल्या घराचं, कुंपणाचं, तळ्याचं चित्र दिवाणखान्यात लावायला हवं होतं. फॉन गेरार घोड्यावरून, गाडीतून, पायी असा हिंडायचा, मळ्यावर मुक्काम ठोकायचा, पेन्सिलने आडव्या पानांवर अख्खा देखावा उतरवून घ्यायचा आणि मेलबर्नला येऊन रंगवायचा. 'यालाय्पूरा' हे 1864 सालचं चित्र त्यातलंच.

अशा कामात एक शिस्त आपोआप येते, तिच्याकडे कलासमीक्षकांचं फारसं लक्ष जात नाही. गिऱ्हाईक त्या जागेचा मालक असतो. त्याला आपल्या कुंपणाचे खांब माहीत असतात. डावीकडची टेकडी जरा उंच केली, तर दिसायला बरी होईल, पण मालक म्हणेल, "ही माझी टेकडी नाही." पोर्ट्रेट करणाऱ्याला हा जाच रोजचाच. निसर्गचित्रकाराला तो क्वचित होतो, फॉन गेरारला सारखा होत होता.

आता टॉवर हिल. मेलबर्नपासून पश्चिमेला, वॉर्नाम्बूल आणि पोर्ट फेअरी या गावांच्या मध्ये हा जुना ज्वालामुखी आहे. मोठं वाटोळं विवर, त्यात पाणी, पाण्याच्या मध्ये बेटं आणि बेटांवर पुन्हा लहान शंकू. 1855 च्या ऑगस्टमध्ये फॉन गेरार या भागात होता. जेम्स डॉसन नावाच्या स्कॉटिश जमीनदाराने त्याच्याकडून हे चित्र करून घेतलं. विवराच्या काठावर उभं राहून खाली बघावं तसा देखावा आहे: जवळ काठावरचं गवत आणि झुडपं, खाली पाण्याचा आरसा, मधल्या शंकूंवर दाट झाडी, पलीकडे सपाट मुलूख.

पुढे काय झालं ते तुम्ही ऐकलंच आहे. तोड, चराई, शेती, दगडखाणी यांनी त्या टेकड्या बोडक्या केल्या. 1892 मध्ये जागेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, पण तोवर बरंचसं गेलं होतं आणि दर्जाने फार काही वाचवलंही नाही. 1961 साली तिथे वन्यजीव राखीव क्षेत्र जाहीर झालं आणि झाडं लावायला सुरुवात झाली. शाळेतली मुलं, स्वयंसेवक, स्थानिक मंडळी यांनी वर्षानुवर्षं खपून लाखांच्या घरात रोपं लावली. काय लावायचं आणि कुठे, यासाठी जे आधार घेतले, त्यात हे चित्र महत्त्वाचं. 1966 मध्ये चित्र सरकारकडे भेट म्हणून आलं. आता ते वॉर्नाम्बूलच्या कलादालनात ठेवलेलं असतं.

मग भरवसा ठेवावा का? ड्युसेलडॉर्फच्या रीतीने रंगवलेल्या चित्राचे सगळे भाग सारखे विश्वासाचे नसतात. अगदी पुढचा पट्टा, ज्याला आपण फोरग्राउंड म्हणतो, तो बहुतेक वेळा जुळवलेला असतो. तिथे चित्रकाराला नजर आत न्यायला काहीतरी हवं असतं: एखादं मोडकं खोड, एखादा दगड, चार पानं. ती पानं जातीने खरी असतील, पण नेमकी त्या जागी असतीलच असं नाही. मधला आणि लांबचा भाग मात्र थेट स्केचवरून येतो. टेकडीची रेषा, झाडी कुठे संपते, पाण्याचा काठ कुठे वळतो, हे तो बदलत नाही. वह्या आणि तैलचित्रं शेजारी ठेवली की हे कळतं. टॉवर हिलमध्ये कामाची झाडी नेमकी मधल्या भागात आहे. शिवाय चित्र करून घेणारा डॉसन त्या मुलखातला जाणता माणूस.

याउलट 1857 चं 'डँडनाँग डोंगरातली फर्नट्री गली' घ्या. हे चित्र कॅनबेराला राष्ट्रीय दालनात आहे. झाडाएवढ्या उंच नेच्यांची घळ, मध्ये उजेडाचा कवडसा आणि पुढे लायरबर्ड पक्ष्यांची जोडी. नेच्याचं एकेक पान तपासावं इतकं बरोबर आहे. पण ती मोकळी जागा, दोन्ही बाजूंनी कमानीसारखे वाकलेले नेचे, तो नेमका तिथेच पडलेला उजेड, ही उघड उघड रंगमंचाची मांडणी आहे. प्रत्यक्ष घळीत शिरलात तर चार हातांपलीकडचं दिसत नाही. या चित्रावरून जात ओळखता येईल. घळीचा आराखडा काढायला जाल, तर फसाल.

आणखी दोन गोष्टी टॉवर हिलला सांगत नाहीत किंवा घाईत सांगतात. एक, चित्रावरून झाडाचा आकार, रंग आणि घोळका कळतो. शीओकची लोंबती करडी झिपरी आणि ब्लॅकवुडचा गडद गोल माथा, एवढा फरक फॉन गेरारच्या हातात नक्की होता. पण झाडांच्या खाली काय उगवत होतं, कुठल्या ऋतूत कुठलं कंदफूल यायचं, हे मैलभर अंतरावरून काढलेल्या चित्रात येणार कुठून? तिथे वनस्पतीशास्त्रज्ञच लागतो. दोन, 1855 म्हणजे 'मूळ' निसर्ग नव्हे. जवळच्या पोर्टलंडला गोऱ्यांची कायमची वस्ती 1834 पासून होती. त्याआधी हजारो वर्षं हा मुलूख गुंडिजमारा लोकांपैकी कोरोइटगुंडिज गटाचा. ज्याला आपण रान म्हणतो ते त्यांनी जाळून, राखून, वापरून घडवलेलं होतं. फॉन गेरार पोहोचेपर्यंत त्यांच्यातली कितीतरी माणसं मारली गेली होती, उरलेली देशोधडीला लागली होती. तेव्हा झाडं लावणाऱ्यांनी 1855 चं टॉवर हिल उभं केलं एवढंच म्हणावं, आणि तेही कमी नाही.

याच ऑगस्टमधली एक छोटी गोष्ट मला फार आवडते. डॉसनच्या कांगाटाँग मळ्यावर जॉनी नावाचा एक आदिवासी मुलगा राहत होता. तोही चित्रं काढायचा. फॉन गेरारने त्याचं पेन्सिलने व्यक्तिचित्र केलं आणि खाली जर्मनमध्ये लिहिलं: जॉनी, चित्रकार. पुढे त्याच्या जमातीचं नावही नोंदवलं. जॉनीची स्वतःची काही रेखाटनंही टिकली आहेत. त्या काळात गोऱ्या माणसाने आदिवासी मुलाच्या चित्राखाली 'चित्रकार' असं लिहिणं ही साधी बाब नाही. पुढे डॉसननेही मुलीच्या मदतीने त्या भागातल्या लोकांच्या भाषा आणि रीतीभाती लिहून काढल्या. तरी हा चांगुलपणा ज्या जमिनीवर उभा होता ती जमीन कुणाची होती, हे विसरून चालत नाही.

हिंडणं थांबलं नव्हतं. 1862 च्या नोव्हेंबरमध्ये गेओर्ग फॉन नॉयमायर या जर्मन शास्त्रज्ञाबरोबर तो कोसियुस्को डोंगरावर गेला. नॉयमायर पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी करत होता, हा चित्र काढत होता. पुढच्या वर्षी त्याने रंगवलेल्या चित्रात खडकांच्या राशी आहेत, मधूनमधून बर्फाचे पट्टे, आणि इतक्या विस्तारात मुंगीएवढी माणसं. 1866 ते 1868 या काळात त्याने चोवीस शिळाछाप चित्रांचा संच काढला. ज्यांना तैलचित्र परवडत नव्हतं त्यांच्या घरी तो पोहोचला.

आणि मग 1870. मेलबर्नच्या राष्ट्रीय दालनाने चित्रकलेची शाळा सुरू केली आणि पहिला प्रमुख म्हणून फॉन गेरारला नेमलं. दालनाची देखभालही त्याच्याकडेच. वय अठ्ठावन्न. कीर्ती होती, पण वारं फिरलेलं होतं. त्याच वर्षी 'आर्गस' वृत्तपत्राचा समीक्षक जेम्स स्मिथ याने त्याच्या चित्रांतल्या अति बारकाव्यावर टीका केली. फॉन गेरारने पत्र लिहून बाजू मांडली. आशय असा, की झाडं ओळखू येतील अशी चित्रं पुढच्या काळात अधिक मोलाची ठरतील. कलेच्या वादात हा मुद्दा त्या वेळी लंगडाच वाटला असणार. टॉवर हिलवर रोपं लावायला लोक जमले तेव्हा वाद घालणारे दोघेही कधीच गेलेले होते.

शाळेत काय चालायचं? मुख्यतः कॉपी. दालनाच्या भिंतीवरची चित्रं समोर ठेवून विद्यार्थ्यांनी तशीच उतरवायची. रेखाटनाचा वर्ग वेगळा, तो टॉमस क्लार्कच्या हाताखाली. तिथून पास होऊन आलेले फॉन गेरारकडे येत. टॉम रॉबर्ट्स, फ्रेडरिक मॅकबिन, जेन सदरलंड ही पुढे ऑस्ट्रेलियन निसर्गचित्रातली मोठी ठरलेली नावं त्याच्याच वर्गातून गेली. आणि त्यांच्यातलं कुणी त्याच्यासारखं रंगवत नाही.

कॉपी करायला लावणं हे त्या काळी पाप नव्हतं. आपल्या मुंबईतच बघा. जे. जे. स्कूल 1857 चं. तिथे वेल्सहून आलेले जॉन ग्रिफिथ्स शिकवत होते, आणि 1872 पासून ते विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊन लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. म्हणजे एकाच दशकात, ब्रिटिश साम्राज्याच्या दोन टोकांना, दोन परदेशी शिक्षक पोरांना कॉपी करायला बसवत होते. फरक असा, की ग्रिफिथ्सची पोरं लेण्यात, दिव्याच्या उजेडात, थोर कामासमोर बसली होती. मेलबर्नच्या दालनात नव्या वसाहतीला परवडतील अशी चित्रं होती, आणि बऱ्याचशा मूर्तींचे प्लास्टरचे साचे. कॉपीतून काय मिळतं ते समोर काय ठेवलंय यावर ठरतं. आपल्या ग्रेड परीक्षांची वस्तुचित्रं घोटून घेतलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

पण मला खरं कारण वेगळं दिसतं. फॉन गेरारला जे येत होतं ते त्याला हिंडून आलं होतं. आधी वडिलांबरोबर, मग शिर्मरच्या वर्गासह, मग एकट्याने. आठवडेच्या आठवडे बाहेर, रोज नवी जागा, वहीत नोंद. ही पद्धत शिकवायची तर पोरांना घेऊन बाहेर पडायला हवं. त्याची पोरं कशी होती? मॅकबिन वडिलांच्या बेकरीत राबायचा. रॉबर्ट्स फोटोग्राफरकडे नोकरी करायचा. पोट सांभाळून उरलेल्या वेळात शिकणाऱ्यांना कोण कोसियुस्कोवर नेणार? त्यांच्याकडे होता फार तर एक रविवार. म्हणजे गुरूची पद्धत चेल्यांच्या आयुष्यात बसतच नव्हती, आणि वर्गात तिची जी सोपी आवृत्ती उरली होती, नजर आणि हात घोटण्याची, ती नुसती कवायत झाली. मनुष्याकृतीचं म्हणाल तर तो त्याचा प्रांतच नव्हता, आणि पोरांना तर माणसं रंगवायची होती.

त्यांना हवं ते दुसऱ्या एका स्थलांतरिताकडे मिळालं. लुई ब्युव्हलो, स्वित्झर्लंडचा. ब्राझीलमध्ये बरीच वर्षं काढून 1865 साली मेलबर्नला आलेला. हा डोंगरमाथ्यावर गेलाच नाही. गावाबाहेरचं शेत, ओढा, संध्याकाळी घराकडे चाललेली गाडी, असे शहराजवळचे विषय, मोकळा ब्रश. 1866 चं 'उन्हाळी दुपार, टेंपलस्टो' बघा. तिथवर कुणालाही दिवसाभरात जाऊन येता येत होतं. तरुण पोरांनी मानलं ते ब्युव्हलोला. ब्युव्हलो श्रेष्ठ आणि फॉन गेरार दुय्यम अशी मांडणी मग शंभर वर्षं चालली. मला ती अर्धीच पटते. ब्युव्हलोचा रस्ता विद्यार्थ्यांच्या खिशाला आणि सुट्टीला परवडणारा होता, हेही त्यात आलं पाहिजे.

डिसेंबर 1882 मध्ये बॉक्स हिलपर्यंत रेल्वे आली. 1885 साली लंडनहून परतलेला रॉबर्ट्स, मॅकबिन आणि लुई अब्राहम्स यांनी बॉक्स हिलच्या झाडीत तंबू टाकला आणि सुट्टीच्या दिवशी जागेवर चित्रं काढायला लागले. हायडेलबर्ग घराण्याची, म्हणजे उघड्यावर जाऊन रंगवणाऱ्या या ऑस्ट्रेलियन चित्रकारांच्या गटाची, सुरुवात इथली मानतात. कलेच्या इतिहासात आगगाडीच्या वेळापत्रकाला पुरेसं श्रेय मिळत नाही.

फॉन गेरारने तब्येतीच्या कारणाने 1881 च्या शेवटी नोकरी सोडली आणि पुढच्याच वर्षी कुटुंबासह ड्युसेलडॉर्फला परतला. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज फॉलिंग्जबीने माणसांच्या चित्रणावर भर दिला आणि पोरं सुखावली. 1891 मध्ये फॉन गेरार लंडनला गेला. त्याची पुंजी ऑस्ट्रेलियातच गुंतलेली होती, 1893 च्या बँकबुडीत ती गेली. 17 एप्रिल 1901 रोजी चेल्सी भागात तो वारला. नंतर बराच काळ ऑस्ट्रेलियात त्याची आठवण 'तो जुनाट जर्मन' एवढीच होती. गेल्या साठ-सत्तर वर्षांत नजर बदलली. 2011 मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रीय दालनाने त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात चित्रांबरोबर वह्यांनाही मानाचं स्थान होतं.

आता तुमच्या रविवारच्या मुलांबद्दल. तैलचित्राची कॉपी देऊ नका. त्यातला बारकावा मुलांना दमवेल, आणि हातात येईल ती फक्त गुळगुळीत पृष्ठभागाची नक्कल. त्याऐवजी स्केचबुकाची पानं द्या. सिडनीच्या राज्य ग्रंथालयाने त्याच्या वह्या ऑनलाइन ठेवल्या आहेत, छापून घेता येतील. पान समोर ठेवून मुलांना नुसतं विचारा: कुठे थांबून त्याने जास्त वेळ दिलाय? कुठे नुसती रेघ ओढून सोडून दिलंय? मोठी मुलं हे पटकन ओळखतात.

मग बाहेर काढा. मेलबर्नमध्ये रस्त्याच्या कडेलाही युकॅलिप्टसच्या चार जाती सापडतील. एक मूल, एक झाड. रबर घरी ठेवायचं. आधी अख्ख्या झाडाची बाह्यरेषा, मग खोडापासून फांदी कशी फुटते ते, मग एका फांदीची पानं, मग साल. कागदाच्या कडेला झाडाचं नाव, तारीख आणि उजेड कुठून येत होता ते लिहायचं, मराठीत चालेल. नाव माहीत नसेल तर घरी जाऊन शोधून काढायचं. पुढच्या रविवारी तेच झाड पुन्हा, आता झाड न बघता, जुन्या कागदावरून, रंगात. काय नोंदवायचं राहिलं ते तिथे मुलांना आपोआप सापडतं, तुम्ही बोलायची गरज पडत नाही.

हे दोन-तीन वेळा झालं, की त्यांना वॉर्नाम्बूलला न्या. गाडीने साधारण साडेतीन तास लागतात. दालनाला आधी फोन करून टॉवर हिलचं चित्र भिंतीवर आहे ना, एवढं विचारून घ्या. सकाळी आधी चित्र बघा, मग टॉवर हिलच्या काठावरच्या रस्त्यावर जिथून विवर खाली दिसतं तिथे थांबा आणि मुलांना फक्त मधल्या बेटांवरची झाडी काढायला सांगा. पुढचं गवत सोडून द्या. कागद गुंडाळून दप्तरात टाकू नका, एकाखाली एक ठेवायला जाड पुठ्ठा आणि दोन क्लिपा न्या. तिथे वारा फार असतो.